तिसऱ्या कॉर्डवरची पांढरी पाच

इनास तुस्कानोंच्या डाव्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे गेला तो उजवा हात, आणि त्याच्यासोबत वाचा. डावा हात आणि डोकं शाबूत होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांची मुलगी जासिंता हे दोन-दोनदा सांगायची. येणारे मान डोलवायचे आणि तरीही इनासशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने बोलायचे. त्याचा तिला मनस्वी संताप यायचा.

वाचेतला एकच शब्द मागे राहिला होता, "नाय." चहा हवा का विचारलं की बाबा "नाय" म्हणत आणि डाव्या हाताने कप पुढे ओढून घेत. पंखा लावू का? "नाय." बंद करू? "नाय." डॉक्टरांनी जासिंताला समजावलं होतं की अशा रुग्णांत होकार आणि नकार यांची सरमिसळ होते, तेव्हा त्यांच्या शब्दाकडे लक्ष देऊ नका, हाताकडे बघा. जासिंता शिस्तीची बाई. तिने शब्दाकडे लक्ष देणं त्या दिवसापासून सोडलं. हाताकडेही तिने नीट बघितलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

साल दोन हजार त्रेचाळीस. वसईत आता वाडी म्हणावी अशी वाडी उरली नव्हती. केळीच्या बागांच्या जागी पस्तीस-चाळीस मजले उभे होते. पण गावच्या ख्रिस्ती लग्नांत आदल्या संध्याकाळी विहिरीचं पाणी आणायला बायका अजूनही वाजतगाजत निघत, आणि सोसायटीचा सेक्रेटरी विहिरीच्या जाळीचं कुलूप काढून द्यायला किल्ली घेऊन उभा राही. त्या मिरवणुकीत गेली पन्नास वर्षं अ‍ॅकॉर्डियन वाजवत आले होते ते इनास तुस्कानो. उजव्या हाताने पट्ट्यांवर चाल, डाव्या हाताने भाता ओढायचा आणि बटणं दाबायची. डावीकडचं एकेक बटण म्हणजे एक अख्खा कॉर्ड, एकत्र वाजणारे तीन-चार सूर. झटक्यानंतर दहा दिवसांनी घरी आल्यावर बाबांनी पहिलं काम केलं ते अ‍ॅकॉर्डियनच्या पेटाऱ्याकडे बोट दाखवण्याचं. जासिंताने वाद्य त्यांच्या छातीवर चढवलं. त्यांच्या डाव्या हाताने एकामागून एक चार कॉर्ड बिनचूक वाजवले. उजवा हात मांडीवर पडून होता. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, आणि चाळीस वर्षांच्या आयुष्यात जासिंताने त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

तिने तेव्हाच ठरवलं की हा हात वाजता करायचा. आणि हे ठरवण्याचा अधिकार तिच्याइतका कुणालाच नव्हता, कारण पांगळे हात चालते करणं हाच तिचा धंदा होता.

ठाण्याच्या ज्या पुनर्वसन केंद्रात ती यंत्रतज्ज्ञ होती, तिथे झटक्याच्या रुग्णांसाठी 'बाही' वापरत. कोपरापासून बोटांपर्यंत चढवायची पातळ कापडी बाही, आणि डोक्यावर तशीच पातळ जाळीची टोपी. झटक्यात मेंदूचा जो भाग मरतो त्याच्या कडेचा भाग जिवंत असतो. हात हलवायची इच्छा तिथे उमटते, पण हातापर्यंत पोचत नाही. टोपी ती इच्छा टिपते आणि बाही नेमक्या स्नायूंना विजेचा हलका झटका देऊन बोट हलवते. यातली खरी गंमत पुढे आहे. इच्छा उमटली आणि त्याच क्षणी बोट हललं, असं हजारो वेळा घडलं की मेंदू त्या दोन गोष्टींमध्ये नवी वाट पाडतो. काही महिन्यांनी बाही काढली तरी हात हलतो. माणसं परत जेवायला लागली, सही करायला लागली. केंद्राच्या भिंतीवर अशांचे फोटो होते.

जेवणाचा घास उचलायला एवढं पुरतं. वाजवायला पुरत नाही. टोपीला मिळणारी खूण पुसट असते. बाबांना आत्ता सूर लावायचाय, वर जायचंय की खाली, इतपतच त्यातून कळतं. नेमकी कुठली पट्टी, हे कळत नाही. ते यंत्राला ओळखावं लागतं, आणि ओळखण्यासाठी तो माणूस आजवर काय वाजवत आलाय ते यंत्राला आधी ऐकवावं लागतं.

जासिंताने सगळं गोळा केलं. लोकांच्या फोनमधली लग्नं, चर्चच्या सणांची चित्रणं, माळ्यावरच्या बुरशी लागलेल्या कॅसेटी. एकूण दोनशे बारा रेकॉर्डिंगं निघाली. त्यातले ढोल, गर्दी, गाणाऱ्या बायका असं सगळं वगळून फक्त अ‍ॅकॉर्डियन बाजूला काढायचं काम संगणकाने एका दुपारात केलं. मग सफाई. ज्या सुराचं खालच्या कॉर्डशी जमत नाही तो संगणक लाल करून दाखवतो आणि विचारतो की ही चूक समजायची की सवय.

लाल खुणा निघाल्या एक हजार तीनशे चाळीस. जवळजवळ सगळ्या एकाच गाण्यातल्या, आणि सगळ्या एकाच जागी.

जासिंताला ती जागा पाठ होती. विहिरीवरच्या त्या गाण्याला चार कॉर्ड आहेत, ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन्थ आणि परत ए मायनर. चाल उदास आहे, कारण मुलगी उद्या घर सोडणार असते. पहिल्या दोन कॉर्डांवर कुठले सूर घ्यायचे यात वाद नाही. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. प्रश्न येतो तिसऱ्यावर. ई सेव्हन्थच्या पोटातच काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी आहे, म्हणून तेवढ्यापुरती पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी, सोडायची आणि शेजारची काळी चार घ्यायची. ए ला सा धरलं तर कोमल निषाद सोडून शुद्ध निषाद. त्या सुरावरून घर, म्हणजे सा, एका पावलावर दिसतं, आणि चौथा कॉर्ड आला की कानाला बरं वाटतं. जगभर असंच वाजवतात आणि सगळ्या पुस्तकांत हेच लिहिलंय.

बाबा तिथे पांढरी पाच धरायचे, आणि चांगले दीड मात्रा धरून बसायचे. खाली डाव्या हाताचा कॉर्ड काळी चार म्हणतोय, वर उजवा हात पांढरी पाच. दोन शेजारचे सूर एकमेकांवर घासायचे. पियानोच्या परीक्षा देत असलेल्या पंधरा वर्षांच्या जासिंताला त्याची एवढी लाज वाटायची की एका लग्नात ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "बाबा, तिथे काळी लागते. इतकी साधी गोष्ट तुम्हाला कळत कशी नाही?" बाबा हसून म्हणाले होते, "लागते खरी." आणि पुढच्या फेरीला पुन्हा पांढरीच.

आता पडद्यावर प्रश्न होता, चूक की सवय? जासिंताने एकेक खूण तपासायचे कष्ट घेतले नाहीत. सगळ्या एकदम निवडल्या आणि 'चूक' दाबलं. खरं सांगायचं तर दाबताना तिला थोडं बरंही वाटलं.

मे महिन्यात बाही बाबांच्या हातावर चढली. पहिले दोन आठवडे नुसतेच चुकार सूर निघाले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, जासिंता डबा भरत असताना, बाहेरच्या खोलीतून विहिरीवरच्या गाण्याची पहिली ओळ आली. ती चमचा हातात घेऊनच धावली. बाबांची उजवी बोटं पट्ट्यांवर चालत होती. थोडी ताठ, पण त्यांच्याच ढंगात. तीच मुरकी, तीच ओळीच्या शेवटची घाई. शेजारच्या दारांतून माणसं डोकावली. बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून जासिंताने भिंतीला टेकून डोळे पुसले.

तिसरा कॉर्ड आला. उजव्या हाताने काळी चार लावली, स्वच्छ, गोल. बाबा थांबले. त्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं, मग जासिंताकडे.

"नाय," ते म्हणाले.

"अहो, किती सुंदर वाजवलंत!"

"नाय."

"बरं, दमलात का? थोडं थांबू या."

"नाय, नाय."

तिने पाणी आणून दिलं. बाबा ते प्यायले नाहीत.

पुढचे पाच-सहा आठवडे फार छान गेले, म्हणजे जासिंताच्या वहीत तसं लिहिलेलं आहे. रोज दीड तास सराव. यंत्राचा अंदाज नव्वद टक्क्यांच्या वर. मग जुलैत एक नवीन गडबड सुरू झाली. बाबांचा डावा हात चुकायला लागला.

तो चुकायचाही एकाच जागी. ई सेव्हन्थच्या बटणाला अगदी लागून ई मायनरचं बटण असतं. तिसरा कॉर्ड आला की बाबांचं बोट घसरून त्या शेजारच्या बटणावर पडायचं. यंत्राला गाण्याचे चार कॉर्ड ठरवून दिलेले होते, त्यामुळे उजवा हात ई सेव्हन्थ धरून काळी चारच लावायचा, आणि खाली ई मायनर. फार वाईट ऐकू यायचं. बाबा तरीही तेच बटण दाबायचे. एकदा नाही, दहादा. दर वेळी दाबून जासिंताकडे बघायचे.

चांगला हात बिघडतोय म्हटल्यावर तिच्या मनात पहिली भीती हीच आली. दुसरा झटका तर नसेल? मेंदूची चित्रं काढली, त्यात काही नव्हतं. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर निमकर म्हणाल्या, "वयाचं आहे, जासिंता. शेजारचं बटण पडणं ही अगदी नेहमीची घसरण. डाव्या हातालाही बाही लाव. दोन महिन्यांत सुधारेल."

दुसरी बाही चढवताना बाबांनी हात मागे घेतला. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिला विरोध केला होता. "नाय," ते म्हणाले, आणि डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, हट्ट करू नका हो. तुमच्याच भल्यासाठी आहे."

"नाय."

तिने त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि बाही चढवली.

डॉक्टर निमकरांचं म्हणणं खरं ठरलं. सप्टेंबरपर्यंत डाव्या हाताची घसरण थांबली. ऑक्टोबरमध्ये डिमेलोंच्या नातीच्या लग्नात बाबांनी खुर्चीवर बसून विहिरीवर वाजवलं. दोन्ही हात, चारही कॉर्ड, एकही चूक नाही. बायका गात होत्या. पण नव्या बायका सगळ्या चर्चच्या क्वायरमध्ये तयार झालेल्या, त्या पुस्तकातली काळी चारच गातात. केंद्राने चित्रण केलं आणि बाबांचा फोटो भिंतीवर लागला. वाचा शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा यायची, तिथेही प्रगती होती. आता बाबा होकाराला मान हलवत आणि नकाराला "नाय" म्हणत. सरमिसळ संपली होती.

फक्त एक गोष्ट वहीत नाही. बाबा आता पेटाऱ्याकडे आपणहून बोट दाखवत नसत. सरावाची वेळ झाली की छातीवर वाद्य चढवून घेत, वाजवत, आणि संपलं की पट्टे सोडवायची वाट बघत बसत.

नोव्हेंबरात बस्त्याव रुमाव आला. बाबांच्या लग्नाच्या बँडमधला गिटारवाला, त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दोन वर्षं मुलाकडे दोह्याला जाऊन राहिला होता. इनासला झटका आल्याचं फोनवर कळलं होतं, पण गुडघ्यांमुळे येणं झालं नव्हतं. दुपारचे चार वाजले होते. तो काठी टेकत जिना चढला तेव्हा आत सराव चालू होता. जासिंताने दार उघडलं, तर तो उंबऱ्यावरच उभा राहिला. आत यायलाच तयार नाही.

"वाजवतंय कोण?" त्याने विचारलं.

"बाबा. या ना काका, आत बसून ऐका."

"इनास?" बस्त्यावने कान पुढे केला. गाण्याची एक फेरी पूर्ण होऊ दिली. "नाय गं पोरी. हात त्याचाच वाटतोय. पण इनास नाय हा."

जासिंता हसली. "काका, यंत्राने त्यांची एक जुनी खोड काढली. तिसऱ्या कॉर्डवर चुकायचे ना नेहमी?"

बस्त्याव हसला नाही. आत येऊन इनाससमोर खुर्ची ओढून बसला. त्याचा बाहीतला हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला. बाबांनी त्याला ओळखलं, हसले, मान हलवली.  मग जासिंता चहा करायला उठली तसा बस्त्याव तिच्यामागे स्वयंपाकघरात आला.

"तुझी आय गेली तेव्हा तू केवढी होतीस?"

"सहा वर्षांची."

"म्हणजे तिचं गाणं तुला आठवायचं नाय." तो ओट्याला टेकला. "कॅतरीन विहिरीवर गाणं धरायची. बायकांची ती गाणी आपल्या कॉर्डांच्या कितीतरी आधीची. त्यांत काळी चार नाय. मी आणि इनास चर्चमध्ये नवे नवे कॉर्ड शिकून आलेलो, ई सेव्हन्थ लावल्याशिवाय चैन पडायचं नाय. एका लग्नात लावला. कॅतरीन पांढऱ्या पाचवर, आम्ही काळ्या चारवर. सगळी वरात वळून बघायला लागली. क्वायरमास्तर पण होता, तो तिला सगळ्यांसमोर बोलला, तुझा सूर खोटा म्हणून. कॅतरीन गप्प झाली. पुढच्या दोन लग्नांत गायलीच नाय."

चहाला उकळी आली. जासिंताने गॅस बारीक केला.

"तिसऱ्या लग्नाला तिला बायकांनी ओढून आणलं. मास्तर समोर उभा, म्हणून इनासने डाव्या हाताने ई सेव्हन्थ तसाच ठेवला. आणि उजव्या हाताने तिच्याबरोबर पांढरी पाच धरली. दीड मात्रा. मास्तर त्याच्या अंगावर ओरडला, आम्ही पोरं हसलो. मी विचारलं, 'काय रे, येडा झालास?' तर म्हणाला, 'ती एकटी चुकायला नको.'" बस्त्यावने नाक पुसलं. "लग्न त्यांचं नंतर झालं, दीड वर्षाने. आणि ती गेल्यावर पण त्याने ती पट्टी सोडली नाय. दुसरं होतं काय त्याच्याकडे तिचं?"

"मला कधी बोलले नाहीत," जासिंता म्हणाली.

"तू विचारलंस कधी? तू त्याला सांगितलंस."

चहा गाळता गाळता ती थांबली. तिला जुलै आठवला. "काका," तिने विचारलं, "मध्यंतरी ते तिथे डाव्या हाताने ई मायनर वाजवत होते. सारखे. मला वाटलं बोट घसरतंय."

 बस्त्यावने बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीला टांगलेली बँडची जुनी गिटार काढली, तारा जुळवल्या आणि ई मायनर छेडला. मग त्यातली एक तार वेगळी वाजवून दाखवली. पांढरी पाच. त्या कॉर्डमध्ये ती कुठेही घासत नव्हती. ती तिथलीच होती.

उजवा हात बाबांच्या हाती राहिला नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने खालचा कॉर्डच बदलून बघितला होता. पन्नास वर्षं जो कॉर्ड त्यांनी सोडला नाही, तो त्यांनी आईच्या सुराला जागा मिळावी म्हणून सोडला. दहादा दाबून दाखवलं. तोंडातून एकच शब्द येत होता, तोही बोलून झाला. आणि जासिंताने तोही हात बांधला. 

दुसऱ्या दिवशी तिने केंद्रातून रजा घेतली आणि कॅसेटींची मूळ रेकॉर्डिंगं उघडली, संगणकाने बायकांचे आवाज वगळण्यापूर्वीची. सगळ्यात जुन्या कॅसेटवर खरखर, कुणाचं तरी खोकणं, आणि मग एक आवाज. बारीक, थोडा नाकातला, पण न घाबरणारा. चेहरा आठवत नव्हता, पण आवाज ऐकल्याबरोबर तिला कळलं की ही आई. तिसऱ्या कॉर्डवर आई पांढऱ्या पाचवर उभी राहिली आणि तिच्या बरोबर खाली अ‍ॅकॉर्डियन येऊन उभं राहिलं. खालचा कॉर्ड दोघांना खोटं ठरवत होता, आणि दोघंही दीड मात्रा हटत नव्हती. जासिंताने ते बावीस वेळा ऐकलं. हा आवाज तिनेच गोंगाट म्हणून टाकून दिला होता.

मग तिने यंत्रातल्या एक हजार तीनशे चाळीस खुणा पुन्हा उघडल्या. या वेळी एकेक ऐकून 'सवय' दाबलं. त्याला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी सकाळी बाबांना वाद्य चढवलं. बाही आता तिसऱ्या कॉर्डवर पांढरी पाच सुचवणार होती. बाबांनी सुरुवात केली. तिसरा कॉर्ड आला, बाहीने पांढऱ्या पाचवरचं बोट ओढलं, आणि बाबांनी ते झटकून काळी चार लावली.

जासिंताने पडद्यावर टोपीची नोंद पाहिली. मेमध्ये त्या जागी एक पुसट, कापरी रेष होती. आता तिथे उंच, ठाम, स्वच्छ उसळी होती, काळ्या चारची. यंत्राला अंदाज करायची गरजच उरली नव्हती. बाबांना काळी चारच हवी होती.

हे तिला कळायला हवं होतं. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती स्वतः हे शिकवायची, की बोट कुणी हलवलं हे मेंदू विचारत नाही. इच्छा उमटली आणि बोट हललं की जे घडलं तीच आपली इच्छा होती असं तो धरून चालतो, आणि तशी वाट पाडतो. मेमधल्या त्या पहिल्या सकाळी बाबांची इच्छा पांढऱ्या पाचची होती आणि बोट पडलं काळ्या चारवर. हजारो वेळा. आता त्या वाटेच्या टोकाला काळी चार होती, आणि जुन्या वाटेवर कुणी येत-जात नव्हतं.

डॉक्टर निमकरांना तिने फोन केला. त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात? बाहीला पांढऱ्या पाचवर पक्कं बसव आणि सहा महिने उलट शिकव. येईल परत, शंभर टक्के येईल."

येईल, हे जासिंतालाही ठाऊक होतं. बाबा पुन्हा पांढरी पाच वाजवतील, अगदी दीड मात्रा. पण ती पांढरी पाच जासिंताने त्यांच्या बोटात घातलेली असेल. एका माणसाने सगळ्या वरातीसमोर, हसू झेलून, एका मुलीसाठी जी निवड केली होती, ती यंत्राने करवून घेतली तर ती निवड उरतच नाही. आणि पुन्हा एकदा त्यांचा हात धरून त्यांच्या मनाविरुद्ध पट्टीवर दाबायचा, हे तिच्याने होणार नव्हतं. तिने फोन ठेवला, बाबांच्या दोन्ही बाह्या उतरवल्या, टोपी काढली. कपाटातल्या खोक्यात घालून खोकं बंद केलं.

एकच आशा राहिली होती. आवाज.

रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून बस्त्याव आला. जासिंताने बाबांच्या छातीवर वाद्य चढवलं. उजवा हात आता बाहीशिवाय चालत होता, हळूहळू, पण चालत होता. केंद्राच्या हिशेबी बाबा बरे झाले होते. तिने कॅसेटचं रेकॉर्डिंग लावलं.

खरखर आली, खोकणं आलं, मग आईचा आवाज. बाबांनी मान वर केली. त्यांनी आवाज ओळखला, यात शंका नाही. चेहरा असा उजळला की बस्त्यावने तोंड फिरवलं. बाबांचा डावा हात आपसूक बटणांवर गेला, भाता उघडला, आणि ते आईच्या मागोमाग निघाले. ए मायनर. डी मायनर. म्हातारी बोटं आणि एक तरुण आवाज, एका ओळीत. जासिंताने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. एवढं एक दे, ती मनात म्हणत होती, दुसरं काही मागणार नाही.

तिसरा कॉर्ड आला. आईने पांढरी पाच लावली. बाबांनी काळी चार लावली.

दोन्ही सूर खोलीत एकमेकांवर घासले. बाबा थांबले. कपाळाला आठी घालून त्यांनी स्पीकरकडे बघितलं.

"नाय," ते म्हणाले.

चिडून नव्हे. नवशिक्याला सांगावं तसं, समजुतीने. मग उजव्या हाताचं बोट उचलून त्यांनी आईसाठी काळी चार पुन्हा एकदा वाजवून दाखवली, आणि आता बरोबर गाईल म्हणून वाट बघत राहिले.

बस्त्याव काठी शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती. जासिंताला वाटलं की उठावं आणि स्पीकर बंद करावा, पण तिला उठता आलं नाही. चाल फिरून पुन्हा तिसऱ्या कॉर्डपाशी आली, आणि आई तिथे एकटीच गात राहिली.